वकिली सोडून कुलपं बनवली, त्यातूनच पुढे ‘गोदरेज’ची लोखंडी खुर्ची आली

भिवंडीतल्या एखाद्या जुन्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात जा, नाहीतर कुठल्याही सरकारी कचेरीत. लोखंडी नळीची, रंग उडालेली एखादी खुर्ची हमखास दिसेल. अशा खुर्च्या आज बरेच जण बनवतात, पण ऑफिसची लोखंडी खुर्ची म्हटलं की आपल्याला आठवतं ते गोदरेजच.

हे नाव मोठं करणारे अर्देशीर गोदरेज मुळात होते वकील.

अर्देशीर यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. लग्नानंतर थोड्याच काळात, १८९१ मध्ये, पत्नी बाचूबाई यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

१८९४ मध्ये ते एका खटल्यासाठी आफ्रिकेतल्या झांझिबारला गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की अशिलासाठी सत्य वाकवावं लागणार. त्यांनी खटला सोडला आणि वकिलीही सोडली.

मुंबईत परतल्यावर मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची अवजारं बनवली. माल चांगला होता, घ्यायला एक इंग्रज व्यापारीही तयार होता. अडलं एकाच गोष्टीवर. अवजारं भारतात बनली आहेत, हा शिक्का अर्देशीर यांना हवा होता. त्या शिक्क्याने माल खपणार नाही, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. अर्देशीर हटले नाहीत आणि धंदा बुडाला.

त्याच काळात मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या येत होत्या. अर्देशीर यांनी कामांकडून पुन्हा पैसे घेतले आणि १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. कामांचे पुतणे बॉइस काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले, पण ‘गोदरेज अँड बॉइस’ हे नाव तसंच राहिलं. कुलपांनंतर तिजोऱ्या आल्या. पहिल्या महायुद्धानंतर जनावरांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून बनवलेला साबणही त्यांनी बाजारात आणला. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले होते.

आता यात खुर्ची कुठून आली?

तर तिजोरीतून. पत्रा कापणं, वाकवणं, पक्का जोडणं हे कारखान्यातल्या कारागिरांच्या हातात बसलं होतं. त्याच कसबावर १९२३ मध्ये लोखंडी कपाट तयार झालं. लाकडाला वाळवी लागते, दमट हवेत ते फुगतं. पत्र्याच्या कपाटाला या दोन्हींची भीती नव्हती. हा धंदा वाढवला तो अर्देशीर यांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी.

तिकडे जर्मनीत १९२५ च्या सुमारास मार्सेल ब्रॉयर या डिझायनरने सायकलच्या हँडलवरून कल्पना घेऊन वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची बनवली होती. नळी पोकळ असल्याने खुर्ची हलकी होते. एकच नळी वळवत नेली की पाय आणि हातांसाठी वेगवेगळे तुकडे सांधावे लागत नाहीत. लाकडी खुर्ची खिळखिळी होते ती सांध्यांपाशी. सांधे कमी, म्हणून नळीची खुर्ची जास्त टिकते. गोदरेजची ‘सीएच-४’ ही याच जातीची. कित्येक दशकं देशभरातल्या ऑफिसांमध्ये ती दिसत राहिली. १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या हव्या होत्या. त्यातल्या कितीतरी गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या.

अर्देशीर हे बघायला नव्हते. १९२८ मध्ये कारभार पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला गेले आणि द्राक्षांच्या शेतीत रमले. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

भारतात बनल्याचा शिक्का असेल तर माल खपणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. पुढे त्याच देशात लोक दुकानात जाऊन कपाट मागताना ‘गोदरेज द्या’ एवढंच म्हणू लागले.