पापळपासून कैरोपर्यंत

डिसेंबर 2019 मधली गोष्ट. घाटकोपर स्टेशनच्या पूर्वेला भाजी घ्यायला गेलो, तर नेहमीच्या भाजीवाल्याने मुठीत न मावणारा, गर्द रंगाचा कांदा पुढे केला. इजिप्तचा आहे, म्हणाला. लासलगाव आमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, आणि घाटकोपरच्या टोपलीत कांदा इजिप्तचा! त्याला ना तिखटपणा, ना वास. घरात कोणालाच तो आवडला नाही.

त्या वर्षी लांबलेल्या पावसाने कांद्याची नासाडी केली होती. सप्टेंबरअखेर सरकारने निर्यातबंदी घातली आणि नाशिकचा शेतकरी चिडला. तिकडे ढाक्यात भाव कडाडले आणि बांगलादेशाला विमानाने कांदा आणावा लागला. आपल्यालाही शेवटी इजिप्त, तुर्कस्तानकडे वळावे लागले. या सगळ्यात नाशिकच्या शेतकऱ्याचे बांगलादेशातल्या शेतकऱ्याशी एका शब्दाने बोलणे झाले नाही. कुठे होणार? आणि नेमके अशा बोलण्यासाठी कधी काळी धडपडलेला एक वऱ्हाडी माणूस मला आठवला.

डॉ. पंजाबराव देशमुख. मुंबईकराला हे नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठामुळे ठाऊक असते. विदर्भात मात्र ते सगळ्यांचे भाऊसाहेब. 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरचे आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे ते देशमुख झाले. मुलगा हुशार निघाला, तेव्हा शामरावांनी जमीन गहाण टाकून त्याला विलायतेला धाडले, असे सांगतात. एडिंबरो, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी असे सगळे करून ते 1926 साली परतले. शेतकऱ्याच्या या मुलाने डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर! हा विषय घेऊन ते एखाद्या कॉलेजात सुखाने प्राध्यापकी करू शकले असते.

त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. 1927 साली मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे राज्यसभेवर गेल्या. 1930 मध्ये भाऊसाहेब मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. कर्जाची तडजोड करून देणारा 1933 चा कायदा वऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या नावे जमा केला. ज्याच्या शिक्षणापायी घरची जमीन गहाण पडली होती, त्याला सावकारी समजावून सांगायची गरज नव्हती. श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा त्यांनी उभा केलेला पसारा हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

1952 मध्ये ते केंद्रात कृषिमंत्री झाले, आणि इथून मला या माणसाचे खरे कुतूहल वाटते. त्यांनी सर्वप्रथम भाताच्या जपानी पद्धतीच्या प्रसाराला वेग दिला. उंच गादीवाफ्यावर रोपे, कमी बियाणे, ओळीत लावणी, मधून कोळपणी आणि भरपूर खत, अशी ती पद्धत. तिचा आपल्याकडचा सुरुवातीचा प्रयोग झाला होता बोरिवलीच्या कोरा केंद्रात. आज तिथे भाताचे खाचर शोधून सापडणार नाही. पण एका आशियाई शेतकऱ्याची युक्ती दुसऱ्या आशियाई शेतकऱ्याच्या बांधावर नेता येते, हे तिथे दिसले होते.

1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. देशभरच्या शेतकऱ्यांचे, पक्षापलीकडचे व्यासपीठ व्हावे ही त्यामागची कल्पना. या समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. 11 डिसेंबर 1959 रोजी त्याच्या उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांबरोबर अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. पापळच्या माणसाने केवढा मांडव घातला! पाठोपाठ समाजाच्याच पुढाकाराने 1961 साली दिल्लीत आफ्रिका-आशियातील देशांची ग्रामीण पुनर्रचना परिषद झाली. पुढच्या वर्षी कैरोत दुसरी परिषद झाली आणि त्यातून एक कायम संघटना उभी राहिली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांची शेती पारतंत्र्यात सारखीच पिचली होती. कापूस, ताग, चहा पिकवायचा यांनी आणि भाव ठरायचा लंडनला. तेव्हा यांनी एकमेकांकडे पाहावे, हा विचार त्यामागे होता.

मात्र इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. शेतकऱ्यांची संघटना कृषिमंत्र्यानेच काढावी, यात एक अडचण आधीपासून होती. सरकारशी भांडायचे कोणी? कृषक समाजाने शेतीचे ज्ञान पसरवले, पण भावासाठी रस्ता अडवला नाही. ते काम 1980 साली नाशिकच्या कांद्यासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने केले. कैरोत जन्मलेली संघटनाही सरकारांची सरकारांशी संघटना झाली. दिल्लीत तिचे मुख्यालय आहे. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका असे शेजारी तिचे सदस्य आहेत. प्रशिक्षणवर्ग होतात, अधिकारी येतात-जातात, आणि हे काम टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पण कांदा अडला, तर निफाडच्या शेतकऱ्याने तिथे जाऊन कोणाचे दार ठोठवावे?

भाऊसाहेबांना या प्रश्नाला हात घालायला वेळच मिळाला नाही. मंत्रिपद 1962 मध्ये संपले आणि 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे सहासष्ट.

डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली. लासलगावचे भाव कोसळले आणि थोड्याच दिवसांत घाटकोपरलाही कांदा उतरला. भाजीवाला खुशीत होता. मी नेहमीपेक्षा दोन किलो जास्त घेतला.