रत्नागिरीचे दुसरे टिळक

टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. आज आम्ही आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या टिळकांविषयी लिहीत आहोत. रेव्हरंड नारायण वामन टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातील करजगावी, चित्पावन घराण्यात जन्मले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, तरी आम्ही त्यांना आपलेच मानतो. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

१८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

तारण ही प्रभूची देणगी, तिला मोल पडत नाही, असे आपण धर्मशिक्षणात शिकतो. टिळकांना मात्र ती स्वीकारताना जात गेली, नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. त्यांच्यावर आकाशच कोसळले होते. एरवी तापट असलेल्या टिळकांनी पत्रे लिहीत वाट पाहिली, पण पाऊल मागे घेतले नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तरी काही काळ सोवळे पाळीतच होत्या. जातिभेद त्यांनी स्वतः विचार करून सोडला आणि १९०० साली त्यांनीही स्नानसंस्कार घेतला.

प्रभूचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे काव्य टिळकांनी हाती घेतले होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा ते अपुरेच होते. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.