चालत्या माणसाचे घड्याळ : अब्राहम-लुई ब्रेगे

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुटी प्रामुख्याने गुरुवारी असते. कासारवाडीतला कामगार बुधवारी पाळी संपवून घरी येतो, मनगटावरचे घड्याळ काढून कपाटात ठेवतो आणि शुक्रवारी पहाटे कामावर निघताना ते हातात घेतो, तेव्हा काटे थांबलेले दिसतात. घड्याळ ‘ऑटोमॅटिक’ असेल तर आश्चर्य अधिकच वाटते. एकेकाळी जावयाला आवर्जून दिले जाणारे एचएमटीचे ‘कांचन’ असो, वा निवृत्तीच्या दिवशी मुलांनी भेट दिलेले परदेशी घड्याळ असो, आपोआप चालणारे यंत्र थांबलेच कसे, असा प्रश्न पडतो. मग कोणी ते बिघडले असे समजून दुरुस्तीला नेतो, तर कोणाला ‘वॉच वाइंडर’ घेण्याचा सल्ला मिळतो. वाइंडर म्हणजे न वापरलेले घड्याळ विजेच्या साह्याने ठरावीक वेळाने फिरवत ठेवणारी पेटी. तिच्यासाठी काही हजार रुपये सहज मोजावे लागतात.

ही पेटी खरोखरच आवश्यक आहे का? या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका घड्याळजीच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव अब्राहम-लुई ब्रेगे. कासारवाडी या नावातच कारागीर आहे. तेव्हा एका थोर कारागिराची ही कहाणी येथील वाचकाला परकी वाटू नये.

पोरका मुलगा, पॅरिसचा घाट

आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या न्यूशातेल या गावी जानेवारी १७४७ मध्ये ब्रेगे यांचा जन्म झाला. वडील गेले तेव्हा ते अवघे दहा-अकरा वर्षांचे होते. आईने पुढे ज्या कुटुंबात दुसरे लग्न केले, ते घड्याळांच्या व्यवसायात होते आणि पॅरिसमध्येही त्यांचा व्यापार होता. सावत्र वडिलांमुळेच या मुलाच्या हाती घड्याळजीची अवजारे आली. पंधराव्या वर्षी, म्हणजे १७६२ मध्ये, त्याला फ्रान्समध्ये उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी माझारँ महाविद्यालयात गणिताचे वर्ग, असा त्याचा क्रम होता. तेथील आबे मारी या धर्मगुरू शिक्षकांना मुलाची बुद्धी भावली आणि त्यांच्याच ओळखीमुळे पुढे राजदरबाराचे दार त्याच्यासाठी उघडले.

सन १७७५ मध्ये ब्रेगे यांचा विवाह झाला. पत्नीने माहेराहून आणलेल्या रकमेचा हातभार लागून त्यांनी पॅरिसमध्ये सीन नदीच्या बेटावर स्वतःचे दुकान थाटले. त्या रस्त्याचे नावच ‘घड्याळाचा घाट’ असे होते. संसाराचे सुख मात्र फार काळ लाभले नाही. पाच वर्षांतच पत्नीचे निधन झाले. लहानग्या मुलाला घेऊन ब्रेगे यांनी स्वतःला कामात गाडून घेतले.

किल्ली हरवली तरी चालेल

त्या काळी घड्याळ खिशात ठेवले जाई आणि त्याला रोज एका वेगळ्या छोट्या किल्लीने चावी द्यावी लागे. किल्ली हरवली की घड्याळ निरुपयोगी होई. शिवाय किल्लीसाठी ठेवलेल्या भोकातून धूळ आत शिरे. यावर उपाय म्हणून माणसाच्या चालण्यातूनच घड्याळाला चावी मिळावी, ही कल्पना युरोपातील काही घड्याळजींच्या डोक्यात घोळत होती. ल लोक्ल गावच्या अब्राहम-लुई पेर्ले यांच्या अशा घड्याळाची जिनिव्हातील कलासंस्थेने १७७७ मध्ये नोंद घेतली. पंधरा मिनिटांच्या चालण्याने ते आठ दिवस पुरेल एवढी चावी भरून घेते, असे त्या अहवालात नमूद होते. लिएज येथील ह्यूबर सार्तों यांनी पुढच्याच वर्षी आपली रचना पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. पहिला मान कोणाचा, हा वाद अभ्यासकांमध्ये आजही चालू आहे.

ब्रेगे यांचे श्रेय असे की, त्यांनी ही नवलाई खात्रीने चालणाऱ्या यंत्रात उतरवली. मनगट दिवसभर हलते, पण कोटाच्या खिशातील घड्याळ जवळजवळ स्थिरच असते. तेव्हा माणूस चालू लागताच होणाऱ्या हलक्या हेलकाव्यानेही झुलेल असे वजन हवे होते. ब्रेगे यांनी जड प्लॅटिनमचे वजन घेतले, ते नाजूक स्प्रिंगवर तोलून धरले आणि त्याच्या झुलण्याने घड्याळाची मुख्य कमान गुंडाळली जाईल अशी योजना केली. कमान पुरती भरली की वजन आपोआप अडकून राही, म्हणजे जादा ताणाने काही तुटण्याची भीती नसे. तबकडीवरच्या एका छोट्या काट्यावरून आत किती तासांची चावी शिल्लक आहे तेही कळे.

या घड्याळांना त्यांनी ‘पेरपेत्युएल’, म्हणजे सदा चालणारे, असे नाव दिले. पहिले घड्याळ १७८० मध्ये ऑर्लिआंच्या ड्यूकने घेतले आणि त्यानंतर दोनच वर्षांत राणी मारी आंत्वानेतकडेही असे घड्याळ पोहोचले. नाव ‘सदा चालणारे’ असले तरी ते अंगावर बाळगणाऱ्या माणसाच्या हालचालीवर चालते आणि तो थांबला की काही काळाने तेही थांबते, हे त्याच्या कर्त्याला पक्के ठाऊक होते. शिल्लक चावी दाखवणारा तो छोटा काटा हीच गोष्ट सांगण्यासाठी तबकडीवर बसवलेला होता.

राणीचे घड्याळ आणि क्रांती

सन १७८३ मध्ये ब्रेगे यांच्या दुकानात एक विलक्षण मागणी आली. राणीसाठी असे घड्याळ हवे होते, ज्यात त्या काळी ज्ञात असलेली प्रत्येक करामत असेल. किमतीला मर्यादा नव्हती आणि मुदतही नव्हती. शक्य तेथे सोनेच वापरायचे होते. मिनिटांपर्यंतची वेळ ठोक्यांनी सांगणे, कोणता महिना किती दिवसांचा आणि लीप वर्ष कोणते हे स्वतः ओळखणारी दिनदर्शिका, सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला फरक, उष्णतामापक, अशी सारी यंत्रणा त्यात होती. आणि अर्थातच, स्वतः चावी भरून घेणारे प्लॅटिनमचे वजनही होते. दुकानाच्या वहीत या घड्याळाचा क्रमांक १६० असा नोंदवला गेला.

काम चालू असतानाच १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. राणीला १७९२ मध्ये तांप्ल तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे तिने ब्रेगे यांच्याकडून एक साधे घड्याळ मागवले आणि ते तिला मिळाले, असे ब्रेगे घराण्याचा इतिहास सांगतो. जगातले सर्वांत गुंतागुंतीचे घड्याळ जिच्या नावे तयार होत होते, तिची गरज अखेरीस एका साध्या घड्याळाने भागली. ऑक्टोबर १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवण्यात आले.

दरबारी गिऱ्हाइकांमुळे ब्रेगे यांचाही जीव धोक्यात आला. त्यांना वाचवले ते क्रांतिकारकांच्या जहाल गटाचा पुढारी ज्याँ पॉल मारा याने. दोघेही न्यूशातेल परिसरातले आणि जुने स्नेही. एकदा संतप्त जमावाने घर घेरले असता ब्रेगे यांनी माराला म्हातारीचा वेष चढवून, हाताला धरून सुखरूप बाहेर काढले होते, अशी आख्यायिका आहे. त्याची परतफेड म्हणा वा स्नेह म्हणा, माराच्या मदतीने मिळालेल्या परवान्यावर ब्रेगे १७९३ मध्ये फ्रान्सबाहेर पडले.

परत उभारलेले दुकान

दोन वर्षांनी, १७९५ मध्ये, ते पॅरिसला परतले, तेव्हा दुकान मोडकळीस आले होते आणि जुने श्रीमंत गिऱ्हाईक उरले नव्हते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती. ब्रेगे यांनी एकच काटा असलेले, मोठ्या आकाराचे, साधे आणि टिकाऊ घड्याळ बाजारात आणले. मागणी नोंदवताना किमतीचा चौथा हिस्सा द्यायचा आणि उरलेली रक्कम घड्याळ हाती आल्यावर. या योजनेने दुकानाला पुन्हा उभे केले. पुढे नेपोलियनही त्यांच्या गिऱ्हाइकांत आला.

याच काळात त्यांनी एक नवल घडवले, जे आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. ‘सांपातिक’ या नावाचे ते टेबलावरचे मोठे घड्याळ होते. त्याच्या माथ्यावर एक खोबण असे. रात्री झोपताना मालकाने खिशातले घड्याळ त्या खोबणीत ठेवायचे. मोठे घड्याळ रात्रीतून लहान घड्याळाची वेळ दुरुस्त करून देई. ब्रेगे यांच्या पश्चात त्यांच्या पेढीने केलेल्या, ऑर्लिआंच्या ड्यूकसाठीच्या ‘सांपातिक’मध्ये तर वेळ लावण्याबरोबर चावी भरण्याचीही सोय होती. आजच्या वाइंडरचे हे पूर्वज म्हणता येईल. मात्र त्याच्यावाचून घड्याळ बिघडेल, असा दावा कोणी केला नव्हता. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातली ती शान होती.

सन १८०१ मध्ये ब्रेगे यांनी ‘तुर्बियाँ’ या रचनेचे पेटंट मिळवले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ वावटळ. खिशात घड्याळ उभे राहते आणि गुरुत्वाकर्षणामुळे त्याची गती किंचित बिघडते. म्हणून गती राखणारा सारा भागच स्वतःभोवती फिरता ठेवला, की एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने भरून निघते. घड्याळ पडले तरी नाजूक टोके मोडू नयेत यासाठीचा स्प्रिंगचा आधारही त्यांचाच. नेपल्सच्या राणीसाठी १८१० मध्ये मागणी नोंदवून त्यांनी १८१२ मध्ये मनगटावर बांधण्याचे घड्याळही पूर्ण केले. फ्रेंच नौदलाचे घड्याळजी, विज्ञान अकादमीचे सदस्य, ‘लेजियाँ द ऑनर’चे मानकरी असे सन्मान त्यांना उतारवयात लाभले. १७ सप्टेंबर १८२३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा राणीचे घड्याळ अपुरेच होते.

वाइंडर हवा की नको?

आता शुक्रवारच्या पहाटेकडे वळू. खिशातला तो झुलता गोळा पुढे मनगटावर आला. इंग्लंडच्या जॉन हारवुड यांनी १९२०च्या दशकात मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ बाजारात आणले आणि १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारे वजन आणले. तत्त्व मात्र ब्रेगे यांच्या काळातलेच राहिले. पुरती भरलेली कमान सर्वसाधारण घड्याळाला ४० तासांच्या आसपास पुरते, काही नव्या घड्याळांत ७० ते ८० तासही. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार पहाट हे अंतर सुमारे ३६ तासांचे. बैठ्या कामामुळे कमान अर्धीच भरली असेल, तर घड्याळ त्याआधीच थांबणार. तो बिघाड नव्हे, त्याचा स्वभाव आहे.

थांबलेल्या घड्याळातील तेल घट्ट होते, म्हणून ते सतत चालते ठेवावे, असे सांगितले जाते. या म्हणण्याला एकेकाळी आधार होता. ब्रेगे यांच्या काळी प्राण्यांच्या चरबीपासून वा वनस्पतींपासून काढलेले तेल वापरत. ते काही वर्षांत दाट होई, आणि या तेलाने घड्याळजींना कायम सतावले. आजचे कृत्रिम वंगण कितीतरी अधिक टिकते आणि काही दिवस थांबल्याने त्याचे काही बिघडत नाही. उलट, न वापरलेले घड्याळ रात्रंदिवस फिरवत ठेवल्याने त्याचे भाग विनाकारण झिजत राहतात. ठरावीक वर्षांनी जाणत्या घड्याळजीकडून तेलपाणी करून घेणे हे वाइंडर असला तरी टळत नाही.

मग वाइंडरचा उपयोग कोणाला? ज्याच्या घड्याळात राणीच्या घड्याळासारखी वार, महिना, लीप वर्ष ओळखणारी दिनदर्शिका आहे, त्याला. असे घड्याळ थांबले की ते पुन्हा लावणे किचकट काम असते. किंवा ज्याच्याकडे अशी चार-सहा घड्याळे आहेत आणि प्रत्येक तयार हवे आहे, त्याला. एक घड्याळ रोज वापरणाऱ्याने ही रक्कम खर्च करण्याचे कारण नाही. शुक्रवारी पहाटे बाजूची कळ वीस-तीस वेळा हलकेच फिरवावी, वेळ लावावी आणि घड्याळ बांधावे. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारीख मात्र बदलू नये. त्या वेळी तारखेची चक्रे गुंतलेली असतात. काही जुन्या घड्याळांना हाताने चावी देण्याची सोय नसते. ती थोडा वेळ अलगद हलवली की चालू होतात.

राणीचे घड्याळ ब्रेगे यांच्या मुलाच्या देखरेखीखाली १८२७ मध्ये, मागणीनंतर ४४ वर्षांनी, पूर्ण झाले. ज्या राणीसाठी ते घडवले, तिला जाऊन तोवर ३४ वर्षे झाली होती. पुढे ते अनेक हातांतून फिरत जेरुसलेमच्या एका संग्रहालयात पोहोचले. एप्रिल १९८३ मध्ये तेथून शंभराहून अधिक घड्याळांसह ते चोरीला गेले आणि ते परत मिळाल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. माणसाच्या चालण्यावर चालावे म्हणून ब्रेगे यांनी त्यात प्लॅटिनमचे वजन बसवले होते. त्या घड्याळाचे बहुतेक आयुष्य तिजोरीत आणि काचेच्या कपाटात गेले. कासारवाडीहून पाळीला निघालेल्या कामगाराच्या मनगटावरचे घड्याळ त्या मानाने भाग्यवान म्हणायचे. ते आठवड्यातून एक दिवस विसावते आणि उरलेले सहा दिवस आपल्या माणसाबरोबर चालते.