अनेक अर्धी कामे, एक पूर्ण चित्रपट

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या प्रतिकृती तयार करणाऱ्या हौशी मंडळींच्या टेबलावर सहसा एकच संच नसतो. एकाचा रंग वाळेपर्यंत दुसऱ्याचे पंख चिकटवायचे, तो सांधा धरेपर्यंत तिसऱ्याचे भाग घासून घ्यायचे, अशी त्यांच्या कामाची रीत असते. या रीतीत वेळ वाया जात नाही. मात्र अर्धवट राहिलेल्या खोक्यांनी कपाट भरून जाण्याचा धोका असतो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले जाणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे आयुष्य थोड्याफार फरकाने याच रीतीने गेले. त्यांच्यापुढे मांडलेले संच मात्र छायाचित्रण, मुद्रण, रंगकाम, जादू आणि वास्तुरचना यांचे होते आणि त्यासाठी घरदार पणाला लागले होते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाल्याने कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले आणि पुढे वडील बंधूंसमवेत बडोद्यास जाऊन तेथील कलाभवनात शिकू लागले. तैलरंग, जलरंग, वास्तुकला, मूर्तिकाम असे विषय त्यांनी तेथे हाताळले. १८९० च्या सुमारास कॅमेराही हाती आला. एका विषयात पारंगत होऊन मगच दुसऱ्याकडे वळावे, हा विचार त्यांना मानवणारा नव्हताच.

याच काळात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती तयार केली. १८९२ मध्ये अहमदाबाद येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. चरित्रकार या पदकाचा उल्लेख एका ओळीत करून पुढे जातात. वस्तुतः ते तेथेच थांबण्याजोगे आहे. नाट्यगृहाची प्रतिकृती करणाऱ्याला रंगमंच किती उंच, प्रेक्षकाची नजर कोठून कोठे पोहोचते, प्रकाश कसा येतो, पडदा कोठे पडतो, हे सारे लहान प्रमाणात आधी मनाशी सोडवावे लागते. पुढे वीस वर्षांनी दादरच्या राहत्या जागी पौराणिक राजवाडे उभे करणाऱ्या माणसाची ही पूर्वतयारीच म्हणावी लागेल. अर्थात, तेव्हा ते कोणाच्याच ध्यानी येण्याचे कारण नव्हते. चित्रपटाचा शोधही अजून लागायचा होता.

कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड ओळखली. त्यांनी धुंडिराजांना रतलाम येथे पाठवून तीनरंगी ठसे तयार करण्याचे व शिलामुद्रणाचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली. परतल्यावर कलाभवनाची प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. १८९५ मध्ये ते व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून गोध्र्यास गेले. तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी व अपत्य हिरावून नेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा छायाचित्रणाचे दुकान थाटले, तर कॅमेऱ्यामुळे शरीरातील शक्ती शोषली जाते ही लोकांची समजूत आड आली. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणे सुरू झाले. त्याच सुमारास जादूचे प्रयोगही सुरू होते. जादूगार म्हणून त्यांनी स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव घेतले होते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी, नियमित पगार. तरीही तीन वर्षांत त्यांनी राजीनामा देऊन लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठी शिलामुद्रणाचे काम केले. पुढे दादर येथे नव्या भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभी राहिली, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीची वारी झाली आणि छापखाना नावारूपाला येत असतानाच भागीदारांशी बिनसले. दादासाहेब रिकाम्या हातांनी बाहेर पडले. चाळिशी ओलांडली होती. व्यवहारी माणसाने या टप्प्यावर त्यांचा हिशेब केला असता, तर अर्धवट सोडलेल्या धंद्यांची यादी तेवढी भरली असती.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि राम-कृष्णांना असे पडद्यावर आणता येईल, या विचाराने ते झपाटले. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याने व वाचनाने डोळे बिघडले, काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरणाची पद्धत पाहिली, विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवले आणि दोन महिन्यांच्या आत ते परतले.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी केलेला पहिला प्रयोग त्यांच्या स्वभावाशी नेमका जुळणारा होता. कुंडीत वाटाणा पेरून त्यापुढे कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म अशी तयार झाली. रोप आपल्या गतीने वाढते; घाई करून चालत नाही. मधल्या वेळात कर्जाची जुळवाजुळव, नटांचा शोध, कथेची आखणी चालू ठेवायची. लग्नाचे दागिने तारण ठेवण्याची सरस्वतीबाईंची तयारी नसती, तर हा सारा खटाटोप कुंडीतच संपला असता.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार होण्यास सहा महिने सत्तावीस दिवस लागल्याचे सांगितले जाते. स्त्री भूमिकेसाठी कोणी मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केले. दिवसा चित्रीकरण, रात्री घरातच फिल्म धुण्याचे काम. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश टाकणे आणि सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक, हे सरस्वतीबाईंच्या वाट्याला होते. पटकथा, दिग्दर्शन, रंगभूषा, देखाव्यांची रंगसंगती, संकलन हे सर्व स्वतः दादासाहेबांकडे. बडोद्याचा चित्रकार, गोध्र्याचा छायाचित्रकार, लोणावळ्याचा मुद्रक आणि प्रोफेसर केल्फा हे चौघे प्रथमच एका कामावर हजर होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो चित्रपट प्रदर्शित झाला.

त्यानंतर नाशिकला मुक्काम हलवल्यावरही एका वेळी एकच काम, असे कधी झाले नाही. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ यांसारख्या मोठ्या चित्रपटांच्या बरोबरीने लहान लहान फिती निघत होत्या. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याच हालचाल करीत. तळेगावच्या काच कारखान्यावर त्यांनी माहितीपट केला. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणाऱ्या फितीत खुद्द दादासाहेब काम करताना दिसतात, हे आजच्या प्रेक्षकांचे भाग्य. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि आकाशात उडणारा हनुमान पाहण्यासाठी झुंबड उडाली.

१ जानेवारी १९१८ पासून भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ गाजले. दुसऱ्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. पण भागीदारांना वेळापत्रक आणि खर्चाचा ताळा हवा होता. दादासाहेबांना प्रत्येक गोष्टीला आपला हात लागायला हवा होता. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी परत आले. परंतु पूर्वीची घडी पुन्हा बसली नाही.

‘सेतुबंधन’ हा मूकपट सुरू झाला आणि मध्येच पैसा संपला. काम रखडले तोवर, मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ पडद्यावर बोलू लागला होता. १९३२ मध्ये पुरा झालेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. एकट्या माणसाने दहा कामे थोडी थोडी पुढे सरकवण्याची रीत बोलपटाच्या कारखान्यात उपयोगी नव्हती. तेथे प्रत्येक खात्याला स्वतंत्र माणूस होता आणि थांबलेल्या प्रत्येक तासाचे पैसे लागत होते. कोल्हापूर संस्थानच्या आश्रयाने केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला.

नाशिकला परतल्यावरही नव्या चित्रपटाची कल्पना डोक्यातून गेली नव्हती. महायुद्धामुळे चित्रनिर्मितीस परवाना आवश्यक झाला होता. १९४४ च्या आरंभी त्र्याहत्तर वर्षांच्या दादासाहेबांनी परवानगीसाठी सरकारकडे अर्ज केला. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारीस हाती आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे नाशिक येथे निधन झाले.