'संक्षिप्त' ग्रंथाची सोळा वर्षे

कुरआननंतर सुन्नी मुसलमान ज्या ग्रंथाला सर्वाधिक विश्वसनीय मानतात, त्या 'सहीह बुखारी'च्या लांबलचक मूळ नावात 'मुख्तसर' असा एक शब्द आहे. मुख्तसर म्हणजे संक्षिप्त. हा संक्षिप्त ग्रंथ पुरा व्हायला सोळा वर्षे लागली.

मुहम्मद बिन इस्माईल, म्हणजेच इमाम बुखारी, यांचा जन्म हिजरी 194 मध्ये (इ.स. 810) आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहरात झाला. वडील लहानपणीच वारले, आईने वाढवले. सोळाव्या वर्षी आई आणि भावाबरोबर ते हजला गेले. ती दोघे घरी परतली, हे इल्मसाठी मागे राहिले. मग मदिना, बसरा, बगदाद, शाम, मिसर अशी वर्षानुवर्षांची भटकंती. शोध हदीसचा, म्हणजे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे बोल आणि आचरण यांच्या, एकाने दुसऱ्याला सांगत आलेल्या नोंदींचा.

बसऱ्यात हा पोरगा वर्गात बसे, पण लिहून काही घेत नसे. सोबत्यांनी सोळा दिवस टोमणे मारले. शेवटी त्याने तोवर ऐकलेल्या हजारो हदीस तोंडपाठ म्हणून दाखवल्या आणि सोबती आपापल्या वह्या दुरुस्त करू लागले, असे चरित्रकार सांगतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा बसलेला दिसत होता.

पुढे त्यांचे उस्ताद इसहाक बिन राहवैह यांच्या बैठकीत विषय निघाला, की केवळ खात्रीच्या हदीसचे एखादे छोटे पुस्तक कोणी करावे. एवढेच निमित्त. परंपरेनुसार इमामांनी सहा लाख रिवायतींतून निवड केली. एकच वचन वेगळ्या साखळीने आले की ते वेगळे मोजत, म्हणून आकडा एवढा मोठा. ग्रंथात आल्या सात हजारांहून थोड्या अधिक, पुनरुक्ती वगळली तर सुमारे अडीच हजार. सोळा वर्षांचे दिवस मांडले, तर दिवसाला सरासरी जेमतेम एक-सव्वा नोंद! शोधप्रबंधाला किती महिने लागतील, असे विद्यार्थी मला विचारतात तेव्हा हा हिशेब आठवतो.

वेळ जात होता तो गाळण्यात. सांगणारा माणूस खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता का, हे साखळीतल्या प्रत्येकाबाबत तपासायचे. एक हदीस लिहिण्याआधी ते स्नान करून दोन रकात नमाज पढत. रात्री काही आठवले की उठून दिवा लावायचा, टिपण करायचे, पुन्हा आडवे व्हायचे. एकेका रात्री पंधरा-वीस वेळा. आपली पुस्तके त्यांनी तीन-तीनदा लिहून काढली.

एवढ्यावर सुखाचे म्हातारपण मिळावे, तर तेही नाही. निशापूरमध्ये विद्वानांशी मतभेद झाले, शहर सोडावे लागले. बुखाऱ्याच्या अमीराने आपल्या मुलांना वेगळे शिकवा, असा निरोप धाडला. इल्म सर्वांसाठी आहे, दारोदार नेण्याची वस्तू नव्हे, असे म्हणून इमामांनी नकार दिला. जन्मगावातून हद्दपारी झाली.

समरकंदजवळच्या खरतंग गावी नातेवाइकांकडे त्यांनी शेवटचा रमजान काढला. हिजरी 256 च्या (इ.स. 870) ईदच्या रात्री ते गेले. बासष्ट वर्षांना तेरा दिवस कमी होते. ईदच्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर त्यांचा दफनविधी झाला.