मैल्याचं सोनं करणारे अप्पासाहेब

सोनखत हा शब्द आपल्या वाडवडिलांचा. मैल्यात सोनं आहे, हे त्यांना माहीत होतं. पण ते सोनं डोक्यावरून वाहायचं काम मात्र एकाच जातीच्या माथी मारलं होतं. हा अन्याय मोडायला आयुष्य वेचलं ते कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावचा. एम.ए. झाले, पुण्यात प्राध्यापकी केली. ती सोडून ते साबरमतीला गांधीजींकडे गेले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली ती यांनीच. एवढा शिकलेला माणूस पुढे हातात झाडू आणि खराटा घेऊन संडास साफ करायला लागला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सफाईचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही म्हणून सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात खुद्द गांधीजींनीही उपास धरला. अखेर सरकारला नमतं घ्यावं लागलं.

पण अप्पासाहेब तिथेच थांबले नाहीत. सवर्णाने चार दिवस टोपली उचलली म्हणून टोपली जात नाही, हे त्यांनी ओळखलं. संडासच असा पाहिजे की कुणालाच मैला वाहावा लागू नये! १९४८ मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथला गोपुरी संडास साधा आहे. दोन कप्पे, एक वापरात असताना दुसरा बंद. दर वेळी वर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. बंद कप्प्यातला मैला कुजून त्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. ना वास, ना माशी. मेलेल्या जनावरांचं कातडं सोडवण्याचं कामही त्यांनी गोपुरीत केलं. १० मार्च १९७१ रोजी ते गेले. मैल्यापासून गॅस करण्याचं काम पुढे देहूच्या डॉ. मापुसकरांनी नेटाने चालवलं. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे वळू. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने बंद केली. घरोघर संडासही आले. पण त्याचं पाणी जातं कुठे, हे कोण बघतो? कोकणातला जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर येतं, आणि जवळच्या शोषखड्ड्यातलं घाण पाणी झिरपून त्याच विहिरीत उतरतं. कावीळ, हगवण, विषमज्वर तिथूनच घरात येतात.

म्हणून एवढं तरी करा. संडासाला दोन खड्डे ठेवा आणि आलटून पालटून वापरा. भरलेला खड्डा किमान दोन वर्षं बंद राहू द्या, कारण जंताची अंडी लवकर मरत नाहीत. मगच ते खत काढून माडाला, आंब्याला घाला. कच्च्या खायच्या भाजीला नको. खड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला घ्या. मोरीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नका. ते गाळणीतून काढून केळी, अळू, माड यांच्या आळ्यात द्या, मात्र ते साचून डास होणार नाहीत हे पाहा.

पाणी मुरतं तिथे जात विचारत नाही. विहीर सगळ्या वाडीची असते. अप्पासाहेबांनी दुसऱ्यांची घाण उपसली. आपल्याला निदान आपली स्वतःची सांभाळता यायला हवी.