स्वयंपाकघरातील ध्यानस्थ : ब्रदर लॉरेन्स

ध्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? डोंगरावरचे आश्रम, मिटलेले डोळे आणि निरव शांतता. वर्षातून एकदा रिट्रीटला गेलो की त्या शांततेची चव आपल्यालाही मिळते. पण घरी परतल्यावर कुकरची पहिली शिट्टी झाली की ती विरून जाते. म्हणून ह्या रविवारी आपण अशा एका व्रतस्थाची ओळख करून घेऊ या, ज्यांना मनाची शांती मिळाली ती शंभराहून अधिक माणसांचा स्वयंपाक करताना!

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. जन्म १६१४ च्या सुमारास, लॉरेन प्रांतातील हेरिमेनिल ह्या खेड्यात. आज हा भाग फ्रान्समध्ये आहे. घरची गरिबी. अठरा वर्षांचा असताना एका हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. काही दिवसांनी ह्याच झाडाला पालवी फुटेल, मग फुले, मग फळे येतील, हा विचार मनात आला आणि परमेश्वराच्या सामर्थ्याची व काळजीवाहू प्रीतीची जाणीव त्याच्या अंतःकरणात कायमची रुजली. झाड आपणही रोज पाहतो, पण बहुधा चालता चालता!

तो काळ तीस वर्षांच्या युद्धाचा होता. निकोलस सैन्यात होता. एकदा हेर समजून जर्मन सैनिकांनी त्याला पकडले व फाशीची धमकी दिली. पुढे रांबर्व्हिये येथे स्वीडिश सैन्याच्या हल्ल्यात तो जखमी झाला आणि पायाने जन्माचा अधू झाला. नंतर एका श्रीमंताच्या घरी नोकरी धरली, पण तिथे हातून सारखे काही ना काही फुटायचे. शेवटी १६४० साली पॅरिसमधील अनवाणी कार्मेलाईट मठात त्याने प्रवेश केला. नाव मिळाले पुनरुत्थानाचे ब्रदर लॉरेन्स. शिक्षण बेताचे, त्यामुळे धर्मगुरू न होता ते ब्रदरच राहिले आणि त्यांची रवानगी स्वयंपाकघरात झाली.

स्वयंपाकाच्या कामाची त्यांना मनापासून नावड होती. त्यात आतूनही चैन नव्हते. पहिली दहा वर्षे त्यांनी मनाच्या मोठ्या घालमेलीत काढली. आपल्या पापांचे ओझे जाणवे. त्यातील चार वर्षे तर आपला नाश ठरलेलाच आहे, असे त्यांना वाटत होते. प्रार्थनेची ठरलेली वेळ विचारांना हुसकावण्यात जाई, आणि हुसकावलेले विचार पुन्हा येत. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना हायसे वाटेल! अखेर त्यांनी ठरवले की मी इथे आलो तो केवळ देवाच्या प्रेमाखातर. माझे पुढे काहीही होवो, मी त्याच्या प्रेमाखातरच काम करीत राहीन. असे स्वतःला सोडून दिल्यावर मन निवळले.

त्यांची रीत अगदी साधी होती. काम सुरू करण्यापूर्वी देवाशी दोन शब्द बोलायचे, मध्येच क्षणभर थांबून आठवण करायची, काम संपल्यावर आभार मानायचे. चुकले तर क्षमा मागून पुढे जायचे, हळहळत बसायचे नाही. तव्यावरचे आम्लेट उलटायचे तेही देवासाठी, जमिनीवरची काडी उचलायची तीही देवासाठी. मन भरकटले तर त्याच्यावर चिडायचे नाही, हळूच परत आणायचे. प्रार्थनेत फार शब्द नकोत. श्रीमंताच्या दारात मुका, पांगळा भिकारी बसतो तसे देवापुढे बसावे, असे ते सुचवीत. युद्धावर असलेल्या एका तरुणासाठीही त्यांनी हाच सल्ला लिहिला : चालता चालता, हाती तलवार असतानाही क्षणभर देवाची आठवण पुरे.

आजकाल माईंडफुलनेसचे वर्ग निघतात, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात. त्याचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारत नाही. ब्रदर लॉरेन्स यांचे लक्ष मात्र श्वासावर नव्हते. आपल्यासोबत कोणीतरी आहे, ह्या जाणिवेवर होते. हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

मठासाठी वाइन विकत आणायलाही त्यांना बर्गंडीला पाठवत. पाय अधू, त्यामुळे होडीत चालता येत नसे. मग पिंपांवरून घरंगळत पुढे सरकायचे! व्यवहारात आपण अनाडी, हे ते देवालाच सांगून टाकत, आणि काम होऊन जाई. सुमारे पंधरा वर्षांनंतर त्यांना मठातील वहाणा बनवण्याचे काम मिळाले. पाय अधिकाधिक दुखत गेला. मोठमोठी माणसे त्यांना भेटायला येऊ लागली. जोसेफ द बोफोर हे धर्मगुरू १६६६ पासून त्यांच्याशी बोलून टिपणे ठेवीत.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजी ब्रदर लॉरेन्स यांचे निधन झाले. फादर बोफोर यांनी त्यांची थोडी पत्रे व संभाषणे प्रसिद्ध केली. परमेश्वराच्या सान्निध्याचा सराव, ह्या अर्थाच्या नावाने तो छोटासा संग्रह जगभर गेला. फ्रान्समध्ये मौनप्रार्थनेवरून वाद पेटला तेव्हा आपल्या कॅथोलिकांना त्याचा बराच काळ विसर पडला. तो जपला प्रोटेस्टंट बांधवांनी, मेथडिस्टांचे जॉन वेस्ली त्यांत होते. डिसेंबर २०२५ मध्ये लेबनॉनहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलत असता, आपल्या अध्यात्माची ओळख म्हणून पोप लिओ चौदावे यांनी संत ऑगस्टीन यांच्याखेरीज ह्याच स्वयंपाक्याच्या पुस्तकाचे नाव घेतले.